विद्येचे ऋण आणि मुदतीचा कायदा

सातारा-सांगलीकडे अलीकडे माजी विद्यार्थ्यांचे मेळावे वरचेवर भरू लागले आहेत. पंचवीस वर्षांपूर्वीचे सोबती एकत्र जमतात, जुन्या गुरुजींस शाल अर्पण करतात, वसतिगृहातील खोड्या आठवून पोट धरून हसतात आणि भोजन करून आपापल्या गावी परततात. यात गैर काहीच नाही. तारुण्यातील चार वर्षे कोणास गोड वाटणार नाहीत? परंतु त्या वर्षांचा ठसा खरोखर उमटला की नाही, हे आठवणींच्या गोडीवरून ठरत नसते. ते पुढील आयुष्यातील करणीवरून ठरते.

याचा उत्तम दाखला आमच्याच मुलखात आहे. कऱ्हाडाजवळील टेंभू गावी १८५६ साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर हालअपेष्टा सोसून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. तेथे १८७९ च्या सुमारास त्यांचा व टिळकांचा विचार ठरला की, सरकारी नोकरीच्या मागे न लागता लोकशिक्षणास वाहून घ्यावयाचे. मोठ्या पगाराच्या आशेवर बसलेल्या आईस आगरकरांनी तसे स्पष्ट कळविले. पुढे त्या दोघांचे तीव्र मतभेद झाले. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८९० साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. मैत्री तुटली, पण कॉलेजात केलेला संकल्प दोघांपैकी कोणीही मोडला नाही. आगरकर १८९५ साली अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारले, तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. कॉलेजचा संस्कार म्हणतात तो हा!

त्या संकल्पाचे फळ सांगलीकरांच्याही पदरात पडले आहे. याच सोसायटीने १९१९ साली सांगलीस विलिंग्डन कॉलेज काढले. आणि योगायोग असा की, त्याच वर्षी कऱ्हाडाजवळील काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. भाऊरावांस स्वतःला कॉलेजचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते. तरी १९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह उघडले, सर्व जातींच्या मुलांस एका पंक्तीस बसविले आणि त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्रही दिले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. श्रम करून शिकणाऱ्या गरिबास तेथे दार उघडे झाले. ज्यास कॉलेज मिळाले नाही त्याने इतरांसाठी ते उभे केले. मग ज्यांस ते मिळाले, त्या आम्ही काय केले?

यावर कोणी व्यवहारी गृहस्थ म्हणतील, ‘आम्ही फी भरली, पदवी घेतली, हिशेब मिटला.’ हा हिशेब कच्चा आहे. अनुदानित कॉलेजातील प्राध्यापकांचे पगार विद्यार्थ्यांच्या फीतून निघत नाहीत. ते सरकारी तिजोरीतून येतात. साबणाची वडी विकत घेणारी शेतमजूर बाईदेखील त्या तिजोरीत कर घालते. तिच्या मुलीने कॉलेज पाहिलेले नसले तरी आमच्या पदवीत तिचा पैसा आहे. तेव्हा आमच्या खतावणीत तिचे नाव धनको म्हणून लिहिलेच पाहिजे.

हे ऋण फेडावे कसे? सन २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरावीक प्रवर्गांतील, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. निर्णय स्तुत्य आहे. परंतु फी माफ झाल्याने पोट भरत नाही. जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतील मुलीस शहरात खोली हवी, दोन वेळचे जेवण हवे, पुस्तके हवीत. एवढ्यासाठी शिक्षण सुटले म्हणजे घरची मंडळी तिच्या लग्नाची बोलणी सुरू करतात, आणि एक बुद्धी कायमची विझते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मेळावा भरवावा, गुरुजींचा सत्कारही करावा. पण उठण्यापूर्वी दहा-दहा सोबत्यांनी मिळून एकेका विद्यार्थिनीच्या राहण्या-जेवण्याचा भार पदवी मिळेपर्यंत पत्करावा. तिची जात विचारू नये, तिचा फोटो काढून गाजावाजा करू नये. पैसे परस्पर वसतिगृहाकडे भरावेत व हिशेब दर वर्षी सर्वांपुढे ठेवावा. कमानी व कोनशिला यांवर होणारा खर्च इकडे वळविला तर निराळी वर्गणी काढण्याचेही फारसे कारण पडणार नाही. पेठेतील व्यापाऱ्यांनी दिवाळीस नवी वही घालताना पहिल्या पानावर ही एक रक्कम मांडावी.

वकिली धंद्यामुळे आम्हांस एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. सावकाराचे कर्ज ठरलेल्या मुदतीत वसूल झाले नाही तर दावा तमादी होतो. विद्येच्या ऋणास मात्र मुदतीचा कायदा लागू नाही. पंचवीस वर्षे लोटली म्हणून ते बुडत नाही; उलट व्याज चढत जाते. ज्यांस आपली कॉलेजची वर्षे खरोखर प्रिय आहेत, त्यांनी फेडीचा पहिला हप्ता याच वर्षी भरावा.