नागपूरकराला ऊन लागतं तेव्हा...

आमच्या घरात दर वर्षी मार्च संपता संपता एक शीतयुद्ध सुरू होतं. ‘शीत’ आपलं नावालाच, कारण भांडणाचा विषय असतो उन्हाळा. कुणाचा उन्हाळा खरा?

मी डोंबिवलीची. नवरोबा नागपूरचे. राहतो दोघं पुण्यात, कोथरूडला, बिल्डिंगच्या शेवटच्या मजल्यावर. म्हणजे वर थेट गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत आमच्यावर आपलं प्रेम ओतत असतो. आता तुम्हीच सांगा, अशा संसारात एप्रिल सुखाचा कसा जाणार?

मी म्हणते, ‘काय उकडतंय रे!’

तो म्हणतो, ‘याला उन्हाळा म्हणत नाहीत.’

झालं. मग पुढची वीस मिनिटं लेक्चर. नागपुरात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, डांबरात चप्पल रुतते, मेच्या शेवटी नवतपा लागला की नळाला उकळतं पाणी येतं, गिझरचा खर्च वाचतो वगैरे वगैरे. मे २०२४ च्या अखेरीस तिथल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले होते, आठवतंय? त्या दिवशी आमच्या घरात सणाचं वातावरण होतं. ऑफिसच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, माझ्या माहेरच्या ग्रुपवरसुद्धा, सगळीकडे यानं तो आकडा टाकला. नंतर हवामान खात्यानं सांगितलं, की सेन्सर बिघडला होता. शेवटच्या बॉलवर मॅच गेल्यासारखा चेहरा झाला होता बिचाऱ्याचा.

पण मीही काही कमी नाही. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये डोंबिवलीहून चढून, इस्त्रीच्या ड्रेसमध्ये दादरला उतरून दाखवा म्हणावं. आमच्याकडे पारा नागपूरएवढा चढत नाही आणि तरी माणूस आतून शिजतो. कारण साधं आहे. घाम सुकताना अंग गार करतो, आणि आमच्या दमट हवेत तो सुकतच नाही, नुसता वाहतो. हे मी याला शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं. त्यावर उत्तर काय, तर ‘तो उन्हाळा नाही, ते वॉशिंग मशीन आहे.’

मग मी पुण्याची बाजू घ्यायला लागले. (नवऱ्याशी भांडायला मिळत असेल, तर डोंबिवलीची मुलगी पुण्याचीही बाजू घेते.) पुण्याचा उन्हाळा एप्रिलमध्येच जास्त कडक असतो. मेमध्ये पश्चिमेचा वारा सुटतो, दुपारी ढग येतात आणि पारा थोडा खाली येतो. २९ एप्रिल २०१९ ला शिवाजीनगरला ४३ अंश झाले होते आणि त्याच्याही आधीचा विक्रम ३० एप्रिल १८९७ चा, ४३.३ अंशांचा. हे आकडे मी खास शोधून काढून जेवताना त्याच्या ताटाशेजारी ठेवले. तो म्हणाला, ‘बघ, सव्वाशे वर्षांत एकदा-दोनदाच!’

असो. तर आमच्याकडे कूलर आहे. साधासुधा नाही, नागपूरचा. लोखंडी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आकार लहान मुलांच्या खोलीएवढा. आमचं लग्न झालं त्या वर्षी सासऱ्यांनी तो ट्रान्सपोर्टनं पाठवला. माझ्या आईनं दिलेलं कपाट बेडरूममध्ये आहे, यांच्या बाबांनी दिलेला कूलर खिडकीत. आला, चालू झाला, आणि खोलीभर वाळ्याचा असा काही वास पसरला, की मी दोन मिनिटं भांडण विसरले.

पण मला बाई सवय एसीची. काहीही गार चालू झालं, की मी दारंखिडक्या बंद करते. तो उघडतो, मी लावते. एकदा तो तीन दिवस टूरवर गेला, तेव्हा मी संधी साधून सगळं घट्ट बंद करून कूलर लावला. पहिल्या रात्री चादर ओलसर. दुसऱ्या रात्री पापड सादळले. तिसऱ्या रात्री मी घामानं निथळत उठून बसले आणि लक्षात आलं, पुण्यात राहून मी स्वतःच्या हातानं डोंबिवली तयार केली होती! फोनवर सासरे म्हणाले, ‘समोरची खिडकी उघडी ठेव बेटा. आतली ओली हवा बाहेर जायला रस्ता पाहिजे, नाही तर बाहेरची कोरडी हवा येईल कुठून?’ तेव्हापासून खिडकीच्या बाबतीत मी हरले. ते मी मान्य केलंय. लेखी आज करतेय.

आता मूळ मुद्द्यावर येते. मित्रमंडळींत आमची ख्याती ‘अॅक्टिव्ह कपल’ म्हणून आहे. सकाळी वेताळ टेकडी, उन्हाळ्यात टिळक तलावाची बॅच मिळाली तर पोहणं, आणि महिन्यातून दोन रविवार सिंहगड. त्यात हा पळतोसुद्धा. (मी पळत नाही. लोकलसाठी आयुष्यभराचं पळून झालंय.) सिंहगडाचा उन्हाळ्यातला नियम माझा आहे. पहाटे पावणेपाचला घर सोडायचं, साडेसातच्या आत वर, देवटाक्याचं गार पाणी, मडक्यातलं दही, आणि ऊन चढायच्या आत खाली.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तो नियम मोडला. आदल्या रात्री याच्या ऑफिसमधल्या एकाचं रिसेप्शन होतं. घरी यायला एक वाजला. सव्वाचारचा गजर कुणी बंद केला, यावर अजून एकमत नाही. जाग आली तेव्हा आठ वाजले होते. मी म्हटलं, ‘राहू दे, मंडईत जाऊ, आंबे आणू, आमरस करू.’

‘का? ३८ च तर आहे आज. आमच्याकडे ३८ ला कपाटातून स्वेटर काढतात.’

साडेनऊला आम्ही आतकरवाडीला गाडी लावली. दोघांत पाण्याची एक बाटली, कारण वाटेत ताक मिळतंच. मी ओढणी बांधली, टोपी घातली. साहेब बोडके. आम्ही चढायला लागलो तेव्हा शहाणं पुणं उतरत होतं. हातात काठी घेतलेल्या, नऊवारीतल्या एक आजी उतरता उतरता थांबल्या, आमच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, ‘आत्ता निघालात?’ पुण्यात दोन शब्दांत पूर्ण अपमान करता येतो, हे मी तेव्हा पुन्हा एकदा शिकले.

अर्ध्या वाटेपर्यंत त्याची टकळी चालू होती. नवीन बॉस, अप्रेझल, कुणी कुणाला मेलमध्ये सीसी केलं... मग हळूहळू तो गप्प झाला. मला वाटलं, रिसेप्शनमध्ये मी त्याच्या सूटवर बोलले त्याचा राग असेल. म्हणून मीही गप्प. पाच मिनिटं आम्ही अशी भांडल्यासारखी चढलो. ती पाच मिनिटं मला अजून टोचतात.

तो एका दगडावर बसला. ‘दोन मिनिटं,’ म्हणाला. डोकं दुखतंय, मळमळतंय. आणि मग म्हणाला, ‘थंडी वाजतेय.’ भर उन्हात त्याच्या हातावर काटा आला होता. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली, पण हा माणूस ‘आमच्याकडे’ म्हणाला नाही, असा तो पहिलाच प्रसंग. माझ्या पोटात खड्डा पडला. मोबाइलला रेंजची एकच कांडी. याचे आईबाबा सातशे किलोमीटरवर, माझे डोंबिवलीला. आपण दोघंच आहोत इथे, हे एरवी किती छान वाटतं ना? तेव्हा नाही वाटलं.

वीस-पंचवीस पावलांवर ताडपत्रीखाली ताक विकणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी मला काही विचारलंच नाही. ‘सावलीत आणा त्यांना. बूट काढा, मोजे काढा.’ स्वतःचा टॉवेल पाण्यात बुडवून त्याच्या मानेवर टाकला. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते. मीठ-साखर जास्त घातलेलं लिंबू सरबत त्यांनी हातात दिलं, आणि तो एका दमात प्यायला लागला तशी ग्लास खाली ओढला. ‘घोट घोट घ्या. पळून नाही जात सरबत.’

मला काही सुचेना. कुठं तरी वाचलं होतं, म्हणून विचारलं, ‘आज वार कुठला? आपल्या गाडीचा नंबर काय?’ त्यानं नंबर सांगितला आणि वर ‘पीयूसी संपलीय’ हेही सांगितलं. मी अशी हसले, की मावशींना वाटलं मलाच ऊन लागलं.

पाऊण तासानं त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. तोंड उघडलं. ‘आमच्याकडे ना...’

‘गप्प बस,’ मी म्हटलं. मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांनी पैसे घेतले ते फक्त सरबताचे.

पुणे दरवाजाही न बघता आम्ही परत फिरलो. सावली दिसली की बसत, पुन्हा उठत. त्याच्या डोक्याला माझी गुलाबी, लहरिया ओढणी, ओली करून गच्च बांधलेली. कॉलेजची पोरं वळून वळून बघत होती. दुसरा दिवस असता तर मी फोटो काढला असता.

संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि मग जे झापलंय! म्हणाल्या, गाडीचा नंबर नीट सांगितला म्हणून बरं. असंबद्ध बोलायला लागला असता किंवा शुद्ध हरपली असती, तर अंग गार करत करत तडक हॉस्पिटल गाठायचं होतं, सरबत पाजत बसायचं नव्हतं. ‘पण मॅडम, मी नागपूरचा आहे,’ हा क्षीण आवाजात म्हणाला. ‘कधी होतात?’ त्यांनी विचारलं. उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि ऊन सुटलं की काही आठवड्यांत ती सवय जाते. हिशेब केला. ऑफिस एसी, येण्याजाण्याची कॅब एसी, जानेवारीपासून लावलेलं जिमही एसी. माझ्या नागपूरकरानं वर्षभर सकाळची टेकडी सोडली तर ऊन पाहिलंच नव्हतं! घरी परतताना कागदावर लिहून दिलं होतं: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. तो कागद आता फ्रिजवर आहे, लाइट बिलाच्या शेजारी.

रात्री कूलरसमोर आडवा पडून तो एवढंच म्हणाला, ‘बाबांना सांगू नको.’

मी दोन दिवस पाळलं. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला आणि मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘बाबा, ऊन लागल्यावर तळपायाला भाजलेली कैरी लावतात ना, ती कशी?’

पलीकडे शांतता. ‘कुणाला ऊन लागलं?’

फोन स्पीकरवर होता. समोर नवरा हातवारे करत होता. मी पटकन म्हटलं, ‘मला.’

‘वाटलंच. डोंबिवलीचा पिंड तुझा, सवय नाही. गेली कशाला होतीस बेटा? आम्ही नागपूरचे लोक उन्हाला घाबरत नाही असं सगळ्यांना वाटते. अरे, आम्ही भर उन्हात बाहेरच पडत नाही! गेलोच तर डोक्याला दुपट्टा बांधून, पाणी पिऊन, खिशात कांदा टाकून. म्हणून तर जगलो.’

नवऱ्याचा चेहरा त्या ५६ अंशांच्या वेळी झाला होता, त्याहून पडलेला. दहा सेकंद त्यानं तसेच काढले. मग माझ्या हातातून फोन घेतला.

‘बाबा, तिला नाही. मला लागलं.’

‘काहून बे?’ पलीकडून एवढंच आलं. आणि मग जरा थांबून, अगदी हळू, ‘आता बरा आहेस ना?’

चार दिवसांनी कुरिअरनं दोन पांढरे दुपट्टे आले. एक माझ्या नावानं. एसी घ्यायचा की नाही, यावर चर्चा अजून चालू आहे आणि या वर्षी तरी ती पावसाळ्यापर्यंत चालेल असं दिसतंय.

परवाच्या रविवारी पावणेपाचला निघालो. सकाळी सहालाच ताडपत्रीखाली मावशी हजर. ‘आज लवकर?’ त्यांनी विचारलं. हा कौतुकानं दुपट्टा सावरत पुढे झाला, दोन ताक सांगितली, आणि पैसे काढायला खिशात हात घातला. बाहेर आला तो कांदा.

मावशींनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. ‘ठेवा इथं,’ म्हणाल्या. ‘भज्यांना होईल.’