वाघाचा पंजा आणि दोन तासांचं सर्टिफिकेट

मंडळी, आजचा विषय जरा डोक्यात जाणारा आहे, त्यामुळे तिखट लागलं तर चहा घ्या.

'वाघासारखे लढा', 'सापासारखे सावध राहा' छापाची जी मार्शल आर्ट्सची दुकानं सध्या ऑफिसांच्या कॉन्फरन्स रूममध्ये लागतात, त्यांच्याबद्दल बोलायचंय. आमच्याकडेही महिला दिनाला असं एक वर्कशॉप झालं. खुर्च्या भिंतीला, स्लाइडवर ढाण्या वाघ, आणि मुली हवेत पंजे मारतायत. 'डोळ्यांवर! फील द टायगर!' मग समोसे, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट. त्या दोन तासांत एकाही मुलीचं मनगट कुणी जोर लावून धरलं नाही.

नुसते दोन तास फुकट गेले असते तर मी ही पोस्ट लिहिली नसती. पण रात्री दीडला शिफ्ट संपवून कॅबमध्ये एकटी बसणारी मुलगी आता आपल्याकडे पंजा आहे असं समजते. नसलेल्या हत्यारावर भिस्त ठेवण्याएवढं धोक्याचं दुसरं काही नाही.

यात बिचारे प्राणी आणि त्यांच्या नावाच्या जुन्या विद्या उगाच बदनाम होतात. दक्षिण चीनमधली हुंग गार ही कुंग फूची शैली घ्या. वाघ आणि क्रौंच ही तिची सुप्रसिद्ध जोडी. चिनी परंपरेत पाच प्राण्यांना कामं वाटून दिलेली आहेत: वाघ हाडांसाठी, बिबळ्या ताकदीसाठी, साप 'ची'साठी, ड्रॅगन मनासाठी वगैरे. 'ची' माना अगर नका मानू, पण प्रत्येक प्राणी म्हणजे शरीराचा एकेक अभ्यासक्रम आहे हे तर दिसतंय ना? 'मूड' नाही हो तो! आणि पंजा उगारण्याआधी विद्यार्थ्याने घोड्याच्या बैठकीत उभं राहून मांड्या थरथरेपर्यंत घाम गाळायचा असतो. स्लाइडमध्ये हा घोडा कधीच नसतो.

आपल्याकडचं उदाहरण केरळच्या कलारीपयट्टूचं. बंगलोरला नोकरीला असताना मी दोन वर्षं शिकलो. त्यात आठ 'वडिवू' असतात: हत्ती, सिंह, घोडा, रानडुक्कर, साप, मांजर, कोंबडा, मोर (परंपरेप्रमाणे यादी थोडी बदलते). पहिल्या महिन्यात गजवडिवूत गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून उभा राहिलो, तेव्हा 'मी हत्ती आहे' असा विचार एकदाही मनात आला नाही. आला तो फक्त आईचा. गुरुक्कल येऊन माझा मागचा पाय दोन इंच सरकवायचे आणि निघून जायचे. वडिवूचं नाव त्या दोन इंचांची आठवण राहावी म्हणून असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्राण्याचं नाव म्हणजे फंक्शनचं नाव. आतला कोड मांड्यांत लिहावा लागतो, आणि तो कॉपी-पेस्ट होत नाही. हे ट्रेनर लोक नुसतं नाव वाचून दाखवतात आणि बिल लावतात.

आता दुसरी पार्टी. २०१७ मध्ये शू श्याओतोंग या एमएमए लढवय्याने वेई लेई या ताई ची मास्तरांना काही सेकंदांत आडवं केलं. तो व्हिडिओ दाखवून 'बघ, सगळं थोतांड' म्हणणारे मित्र मलाही आहेत. त्यांचं निम्मं बरोबर आहे. वर्षानुवर्षं समोर प्रतिकार करणारा माणूसच नसेल, तर वाघ काय आणि ड्रॅगन काय, तो नाचच. पण म्हणून बैठकीतून येणारा तोल आणि ताकद खोटी ठरत नाही. कोल्हापूरच्या तालमीत बघा. भिंतीवर मारुती असतो, पण वस्ताद कुणाला 'वानर हो' म्हणत नाहीत. जोर-बैठका मारा, आणि मग तांबड्या मातीत समोर आपल्याला आपटायला उत्सुक असलेला जिवंत माणूस. रोज.

(बोधिधर्माने कलारी शाओलिनला नेली हा फॉरवर्ड कृपया मला पाठवू नका. त्याला युद्धकलेशी जोडणारं 'यी जिन जिंग' हे पुस्तक सतराव्या शतकातलं, म्हणजे त्याच्यानंतर हजारेक वर्षांचं.)

बरं, खरा वाघ तरी कसा वागतो? लपून येतो, आणि जमत नसेल तर सोडून देतो. जिम कॉर्बेटने नोंदवलंय की साळिंदराचे काटे घुसून जखमी झालेले वाघ पुढे नरभक्षक होतात. म्हणजे एका साळिंदराशी घेतलेला पंगा वाघाला जन्मभर पुरतो! वाघाकडून शिकायचंच असेल तर निसटणं शिकवा ना. मनगट सोडवणं, ओरडणं, पळणं. पण त्याचे फोटो चांगले येत नसावेत.

तर कुणाला खरंच शिकायचं असेल तर क्लास लावण्याआधी मास्तरांना एकच विचारा: 'इथे मला कुणी पूर्ण ताकदीने धरणार का, आणि कधीपासून?' ज्युदोवाले म्हणतील, आधी पडायला शिका, मग धरू. हे उत्तर चांगलं. 'आमची टेक्निक इतकी जीवघेणी आहे की ती एकमेकांवर करूनच बघता येत नाही' असं उत्तर आलं, तर चपला घाला आणि निघा.