माप ज्याच्या त्याच्या घरचें

मध्यंतरीं आमच्या घरीं दोन रात्री कोणाच्याहि डोळ्यास डोळा लागला नाहीं. ताप येऊन गेल्यावर आमच्या पुतण्याच्या छातींत दुखूं लागलें, म्हणून त्याच्या हृदयाची एमआरआय तपासणी सहा महिन्यांच्या अंतरानें दोन वेळां झाली. पहिल्या अहवालांत 'टी-वन' या सदराखालीं ९९० हा आंकडा होता, दुसऱ्यांत ११८०. आम्ही पडलों जुने मास्तर. आम्हीं तत्काळ वजाबाकी केली आणि रोग वाढला असा निकाल देऊन मोकळे झालों. वहिनींच्या डोळ्यांचें पाणी खळेना.

डॉक्टरांनीं दोन्ही कागद पाहून एवढेंच विचारलें, "गुरुजी, यंत्र एकच होतें काय?" तें एक नव्हतें. पहिल्या यंत्राचें चुंबक दीड टेस्लाचें, दुसऱ्याचें तीन टेस्लाचें.

शरीरांतील पाण्यांत जो हायड्रोजन असतो, त्याच्या अणुगर्भांस चुंबकीय क्षेत्र एक ठराविक कल देतें. रेडिओलहरींनीं तो ढळविला म्हणजे तो पूर्वस्थितीवर येण्यास कांहीं काळ लागतो. त्या काळाचें मान तें टी-वन. तें सेकंदाच्या सहस्रांशांत सांगतात. हृदयाच्या स्नायूस सूज आली, त्यांत तंतुमय व्रण पडला अथवा अमिलॉइड नांवाचें प्रथिन सांचलें, तर हें मान वाढतें. लोह सांचल्यास घटतें. परंतु चुंबक बलवान् असल्यासहि तें वाढतें. निरोगी स्नायूंत दीड टेस्लावर सामान्यतः ९५० ते १०००, तर तीन टेस्लावर ११५० ते १२०० च्या आसपास अंक येतो. मोजण्याची पद्धति बदलली तरीहि फरक पडतो.

याकरितां २०१७ सालीं या विषयांतील तज्ज्ञांनीं एकमतानें असें सुचविलें कीं, प्रत्येक केंद्रानें स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या पद्धतीनें निरोगी माणसें तपासून आपली मर्यादा ठरवावी. स्त्रियांचा अंक पुरुषांहून किंचित् अधिक येतो, म्हणून दोहोंचा विचार वेगळा करावा लागतो. शिवाय ही मर्यादा बहुधा अशी आंखतात कीं, निरोग्यांपैकीं सुमारें ९५ टक्के तींत यावेत. म्हणजे वीस धडधाकट माणसांतील एखादें मर्यादेबाहेर पडणारच! पेशींबाहेरील जागेचें प्रमाण म्हणून दुसरें एक मान काढतात; तें निरोगी हृदयांत सुमारें २५ टक्के असतें. तें गुणोत्तर असल्यामुळें दोन यंत्रांमध्यें त्याची तुलना अधिक सुकर होते.

आमच्या पुतण्याचे दोन्ही अंक त्या त्या केंद्राच्या मर्यादेंत होते. प्रमाण सदोष तर प्रमेय संशयित, हें न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षीं शिकवितात. दोन परीक्षकांचे गुण एकमेकांतून वजा करूं नयेत, हें तर आम्हीं मुलांच्या पालकांस वर्षानुवर्षें बजाविलें आणि स्वतःच्या घरीं नेमकें विसरलों. वाचकांनीं आमच्यावरून शहाणें व्हावें. अहवाल हातीं येतांच आंकड्यापूर्वीं यंत्र कोणतें व मर्यादा कोणाची हें पाहावें, उरलेलें डॉक्टरांस विचारावें, आणि तोंवर माजघरांत निकाल जाहीर करूं नये.