डाव्या हातावरची पट्टी खाली ठेवा

पोराने डाव्या हातात पेन्सिल धरली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आत्ताच सवय मोडा, पुढे जड जाईल." हे ऐकलं की माझं डोकं सणकतं. ही सवय लागते कधी, याचा पत्ता आहे का तुम्हाला? बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी पोटातली बाळं कुठला अंगठा चोखतात ते सोनोग्राफीत पाहिलं आणि तीच मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. उजवा अंगठा चोखणारी साठच्या साठ उजव्या हाताची निघाली. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी. पोटातल्या बाळाला कुणी वाईट वळण लावलं होतं?

डावखुरेपणाचा जनुकांशी संबंध आहे आणि तो पक्का आहे. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे चार लाख लोकांची जनुकीय माहिती चाळली, तेव्हा जनुकसंचात त्याच्याशी जोडलेल्या चार जागा हाती लागल्या. पुढच्याच वर्षी साडेसतरा लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात ४१ जागा निघाल्या. त्यांतल्या बऱ्याच मेंदूशी आणि पेशीचा सांगाडा उभारणाऱ्या सूक्ष्मनलिकांशी निगडित आहेत. म्हणजे तुम्ही पट्टी मारता ती मेंदूच्या घडणीवर.

पण "डावखुरेपणाचं जनुक सापडलं" असे मथळे ठोकणारेही तितकेच बेजबाबदार आहेत. असं एकच एक जनुक नाही. एकेका बदलाचा परिणाम चिमूटभर, आणि जुळ्यांच्या अभ्यासांनुसार आनुवंशिकतेचा एकूण वाटा जेमतेम पाव. हुबेहूब जुळ्यांतही एक डावखुरा आणि दुसरा उजवा असं सर्रास आढळतं. तेव्हा "आमच्या घराण्यात कुणी डावरं नाही" म्हणत सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणाऱ्या सासूबाईंनी तोंड आवरावं. त्या टोमण्याला विज्ञानात काडीचा आधार नाही.

पहिलीत बाईंनी माझा डावा हात रुमालाने बाकाला बांधला होता. गाठ सुटू नये म्हणून रुमाल ओला केलेला. आज मी उजव्या हाताने लिहितो आणि नातेवाईक ते यश म्हणून सांगतात. कसलं यश? २००२ मध्ये जर्मन संशोधकांनी असे हात बदललेले लोक लिहीत असताना त्यांचे मेंदू तपासले. कित्येक वर्षं उजव्या हाताने लिहूनही त्यांच्या मेंदूच्या उजव्या भागातली डावखुरी हालचाल पुसली गेलेली नव्हती. मारून बदलतो तो फक्त हात.

आणि समजा, उद्या जनुकांचा वाटा शून्य ठरला, तरी पोराचा हात बांधायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? दहातलं एक मूल डावखुरं असतं. प्रसाद त्याच्या डाव्या हातावर ठेवा. परीक्षेच्या हॉलमध्ये डावीकडे फळी असलेल्या खुर्च्या ठेवा, नाहीतर तीन तास त्याचं कोपर अधांतरी राहतं. आणि वर्गात रुमाल काढणाऱ्या शिक्षकाला त्याच दिवशी जाब विचारा, पालकसभेची वाट बघू नका.