प्लास्टर सुटल्यावरची चार वर्षे

बाळाची पावले जन्मतः आत वळलेली असली की दवाखान्यातून घरी जायच्या आधीच कुणीतरी मोबाईल काढतो. साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो. त्याला क्लबफूट म्हणतात. ग्रहणात आईने काही चिरले-कापले म्हणून असे होते, हे घरातली मोठी माणसे सांगतात. मोबाईल आणखी पुढे जातो. तेल चोळा, पावले दाबून बांधा, बाळ चालायला लागले की आपोआप सरळ होतील, असले सल्ले तिथे हजारो लोकांच्या पसंतीसह मिळतात.

माझा राग इंटरनेटवर नाही. हा उपचार जगभर पोचला त्यात इंटरनेटचाच मोठा हात आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी हाताने पाऊल हळूहळू वळवायचे आणि दर आठवड्याला नवे प्लास्टर घालायचे, ही पद्धत बसवली. १९६३ साली त्यांनी निष्कर्ष छापले, पण पुढची तीसेक वर्षे बहुतेक अस्थिशल्यचिकित्सक मोठ्या शस्त्रक्रियाच करत राहिले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस क्लबफूट असलेल्या मुलांचे आईबाप इंटरनेटवर एकमेकांना भेटले, ही पद्धत त्यांनी एकमेकांना सांगितली आणि आपापल्या डॉक्टरांकडे ती मागितली. तेव्हा कुठे डॉक्टर वळले. आईबापांच्या हाती खरी माहिती आली की काय होते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

म्हणूनच आजची माहिती बघून जीव तुटतो. परवा एका आईने मला तिच्या फोनवरची चित्रफीत दाखवली. बाळाच्या पायाला प्लास्टर होते, पण गुडघ्याच्या खालीच संपलेले. पोन्सेटी पद्धतीत गुडघा काटकोनात वाकवून प्लास्टर थेट मांडीपर्यंत घेतात. ते आखूड ठेवले तर निसटते आणि पाऊल बाहेर वळलेले राहतच नाही. शेवटी प्लास्टर कापले, सरळ पाऊल दिसले, संगीत वाढले आणि चित्रफीत संपली. "म्हणजे दोन महिन्यांत सुटलो ना?" तिने विचारले.

सुटत नाहीत. पाच-सात प्लास्टरनंतर बहुतेक बाळांच्या टाचेमागची ताठर शीर बारीक छेद देऊन सोडवावी लागते आणि मग तीन आठवडे शेवटचे प्लास्टर राहते. त्यानंतर येतात दांडीला जोडलेले बूट. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रोज झोपेत. पाऊल पुन्हा आत वळते त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे हे बूट सुटणे. पहिल्या काही रात्री बाळ रडते, आजीला बघवत नाही, बूट कपाटात जातात. त्या घराला कुणी आधी सांगितलेलेच नसते की रडणे थोड्या दिवसांचे आहे, दांडी हळूच पुढे-मागे ढकलली तर बाळ दोन्ही पाय एकदम हलवायला शिकते, आणि टाच बुटात नीट टेकली आहे ना हे रोज बघायचे असते. प्लास्टरचे आधी-नंतरचे फोटो भरपूर मिळतात. या चार वर्षांबद्दल मराठीत नीट, सविस्तर सांगणारे फारच थोडे सापडते.

चुकीची माहिती निदान खोडता येते. अर्धवट माहिती खरीच असते, म्हणून तिच्यावर कुणी शंका घेत नाही. मला ती जास्त घातक वाटते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरमधून झाली. त्याच्या तपासणीच्या यादीत क्लबफूट आहे आणि त्याखाली उपचार मोफत आहेत. तपासणीची यंत्रणा उभी आहे, तर तिने आईबापांच्या हातात काय द्यायचे हेही ठरवावे. बूट कसा बांधायचा हे बाळाच्या पायावर दाखवणारी पाच मिनिटांची मराठी चित्रफीत हवी. ती कोणत्या डॉक्टरांनी कधी तपासली ते तिच्यावर लिहिलेले हवे. प्लास्टरनंतर बोटे निळी पडली, सुजली किंवा आत ओढली गेली तर तडक परत या, हे त्यात पहिल्याच मिनिटात यावे. आणि ती पहिल्या प्लास्टरच्या दिवशीच दाखवावी, आजीलाही सोबत बसवून.