गोटमार, बोलिव्हिया आणि माझी भाची



पोळ्याला रामाकोन्याला गेलो होतो. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पोरं लाकडी बैल सजवत होती आणि ओसरीवर मोठ्यांची सभा भरली होती. विषय एकच: भाचीने बी.ए.ला समाजशास्त्र घेतलंय, पुढे करणार काय? घरातला बी.ई. म्हणून निकाल माझ्याकडे आला. मीही सांगून टाकलं, "छंद म्हणून ठीक आहे."

ती चिडली नाही. म्हणाली, "मामा, आज पांढुर्ण्यात गोटमार आहे. बंदीचे आदेश निघतात, पोलीस उभे राहतात, रबरी चेंडूसुद्धा देऊन पाहिले. तरी ती थांबत का नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवायचं, त्यावर झेंडा लावायचा आणि तो मिळवायला पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांनी एकमेकांवर दगड मारायचे. माणसं जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. लहानपणापासून ऐकतोय, पण "का?" असं कधी विचारलं नाही.

तिने सांगितलं की बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात 'टिंकू' नावाची अशीच प्रथा आहे. गावं एकमेकांशी लढतात, रक्त सांडतं आणि ते धरतीमातेला पोहोचलं की पीक चांगलं येतं, अशी श्रद्धा आहे. मी हसून म्हणालो, "म्हणजे आपण एकटेच वेडे नाही!" तर म्हणते, "वेडे म्हटलं की विषय संपतो मामा. तुलना केली की सुरू होतो."

पण पांढुर्ण्याचा अभ्यासक आणि बोलिव्हियाचा अभ्यासक एकमेकांना भेटणार कुठे? त्यासाठीच आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संघटना आहे. ती 1949 मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने ऑस्लोत स्थापन झाली. दर चार वर्षांनी तिचं जागतिक अधिवेशन भरतं आणि विषयवार संशोधन समित्या असतात. वर्गणी देशाच्या उत्पन्नानुसार ठरते, त्यामुळे गरीब देशातला अभ्यासकही आत येऊ शकतो. आमच्या क्षेत्रात सर्वांनी मान्य केलेले नियम नसते, तर तुमचा संगणक माझ्या संगणकाशी बोललाच नसता. इथेही तसंच आहे. शब्द आणि पद्धती जुळल्या, तरच दोन गावांची तुलना होते.

यात आपला माणूसही आहे. मालवणात 1893 मध्ये जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजहून परतले आणि 1924 पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला. भारतीय समाजशास्त्र परिषद त्यांनीच 1951 मध्ये उभी केली. जागतिक अधिवेशन 1986 मध्ये दिल्लीत भरलं आणि 1990 मध्ये टी. के. उम्मन त्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले.

एक अडचण मात्र उरते. संघटनेच्या अधिकृत भाषा इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याची गोष्ट तर आणखीच अडकलेली. 1956 मध्ये राज्यं नव्याने आखली गेली, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, शाळेत हिंदी. महाराष्ट्राला आम्ही बाहेरचे वाटतो आणि भोपाळला कडेचे. जागतिक संघटना टेबलावर खुर्ची देईल, पण त्या खुर्चीवर बसून आमच्या आजीचं बोलणं नीट समजून सांगणारं माणूस आमच्यातूनच जायला हवं. बाहेरचा माणूस आला, तर तो जखमी मोजून जाईल.

संध्याकाळी ओसरीवरच मी "छंद" हा शब्द मागे घेतला.

तोवर भाची वही घेऊन आजीजवळ बसली होती. "आजी, तुझ्या लहानपणी गोटमारीच्या दिवशी बाया काय करत होत्या?" आजी म्हणाली, "त्यात काय सांगायचं?" आणि मग दीड तास बोलली. मी फक्त मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. आमच्या घरात हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

भेटू पुढच्या महिन्यात.