शाळेच्या भिंतीवर हवाई छत्रीचीं दोन चित्रें

शाळेची भिंत हीहि एक शिक्षिकाच होय. तिच्यावर जें टांगलेलें असतें तें मूल धडा चालू असतां व नसतांहि वर्षानुवर्षें पाहत असतें, आणि त्याची परीक्षा कधीं होत नसल्यामुळें तें मनांत अधिक खोल उतरतें. म्हणून भिंतीकरितां चित्र निवडणें हें काम क्रमिक पुस्तक निवडण्याइतक्याच विचारानें झालें पाहिजे. ह्या दृष्टीनें येथें एका विषयाची शिफारस करावयाची आहे, व तिला एक अटहि जोडावयाची आहे. तो विषय म्हणजे, विमानें निघण्यापूर्वीं मनुष्यानें बलूनांतून हवाई छत्रीच्या साहाय्यानें मारलेल्या उड्या.

२२ ऑक्टोबर १७९७ रोजीं पॅरिस येथील मोंसो उद्यानांतून आंद्रे-झाक गार्नेरँ हा बलूनखालीं टांगलेल्या टोपलींत बसून वर चढला. सुमारें ३,००० फूट उंचीवर त्यानें दोर कापला. बलून सुटून गेलें, मिटलेली छत्री उघडली, आणि तो जिवंत भूमीवर आला. त्याच्या छत्रीचा व्यास सुमारें २३ फूट होता, व तिला काड्यांचा सांगाडा नव्हता. ह्या प्रसंगाचीं जुनीं छापील चित्रें फार मनोवेधक आहेत. विस्तीर्ण आकाश, गोल छत्री व तिच्याखालीं इवलीशी टोपली, एवढेंच त्यांत असल्यामुळें तीं शेवटच्या बांकावरूनहि स्पष्ट दिसतील.

परंतु हें एकच चित्र टांगल्यास तें अर्धसत्य सांगेल. चित्रांत छत्री शांतपणें उतरते. प्रत्यक्षांत ती भयंकर हेलकावे खात आली. तिच्या माथ्यास भोंक नसल्यामुळें आंत कोंडलेली हवा कधीं ह्या कडेनें, तर कधीं त्या कडेनें बाहेर पडे. पुढें माथ्यास भोंक ठेवण्याची रीत पडली तेव्हां हा दोष कमी झाला.

२१ सप्टेंबर १८०२ रोजीं गार्नेरँनें लंडन येथें उडी मारली, ती पाहणारांत रॉबर्ट कॉकिंग नांवाचा एक जलरंगचित्रकार होता. छत्री उलटी, म्हणजे टोंक खालीं असलेल्या शंकूसारखी केली तर ती डोलणार नाहीं, असें सर जॉर्ज केली ह्या विद्वानाचें मत होतें. कॉकिंगनें तशी छत्री तयार केली. २४ जुलै १८३७ रोजीं, वयाच्या ६१ व्या वर्षीं, लंडनच्या व्हॉक्सहॉल उद्यानांतून चार्ल्स ग्रीन ह्याच्या बलूनखालीं ती टांगून तो वर गेला. यापूर्वीं त्यानें एकदांहि उडी मारलेली नव्हती. एकट्या छत्रीचेंच वजन सुमारें २५० पौंड होतें. सुमारें ५,००० फुटांवर ती सोडतांच वेगानें खालीं आली, वाटेंत मोडली, आणि कॉकिंग प्राणांस मुकला. पुढें अमेरिकेंत जॉन वाइझ ह्यानें प्रयोग करून दाखविलें कीं, उलट्या शंकूची छत्री खरोखरच कमी डोलते. म्हणजे कल्पना खोटी नव्हती. वजनाचा हिशेब व सांध्यांची मजबुती हीं मात्र अपुरीं पडलीं.

आमची अट ती हीच. भिंतीवर गार्नेरँ असेल तर शेजारीं कॉकिंगहि असावा, आणि दोन्ही छत्र्या एकाच प्रमाणांत काढलेल्या असाव्यात. कॉकिंगच्या छत्रीचा घेर १०७ फूट, म्हणजे व्यास सुमारें ३४ फूट. एका फुटास एक इंच धरल्यास एक छत्री २३ इंच व दुसरी ३४ इंच होईल. जी मोठी तीच घातक ठरली, हें पाहतांच ‘आकार मोठा म्हणजे धोका कमी’ हा समज आपोआप नाहींसा होईल.

कांहीं पालक म्हणतील, अशीं चित्रें पाहून मुलें घरची छत्री घेऊन गच्चीवरून उडी घेतील. ही भीति अगदींच निराधार नाहीं. पण ती एकट्या विजयाच्या चित्रास लागू आहे. दुसरें चित्र हाच तिच्यावरील उतारा आहे. मृत्यूचें दृश्य मुलांपुढें नको, असें कोणी म्हटल्यास तेंहि योग्यच आहे. प्रेत दाखविण्याचें कारण नाहीं. बलूनखालीं लोंबणारा तो शंकु, आणि त्याखालीं त्याचें वजन, घेर व साल, एवढें पुरे.

ही हकीकत आपल्याला अगदींच परकी नाहीं. त्या दिवशीं ग्रीनसह बलूनमध्यें एडवर्ड स्पेन्सर हा गृहस्थ होता. त्याचाच नातू पर्सिव्हल स्पेन्सर १८८९ सालीं मुंबईस आला व हवाई छत्रीनें उतरला. ज्यांच्या घरांत कॉकिंगचा अंत माहीत होता, त्यांनींच पुढें ही विद्या चालविली.

विद्यार्थिमित्रहो, हीं चित्रें विकत आणण्यापेक्षां चित्रकलेच्या तासास तुम्हींच काढावींत, आणि मोजमाप गणिताच्या तासास तपासून घ्यावें. धैर्य हा थोर गुण खरा; पण ज्या भिंतीवर धैर्याशेजारीं हिशेबहि टांगलेला असेल, तीच भिंत मुलांच्या हिताची.